चित्र त्यांचं नाही, सही मात्र त्यांची : यंत्राच्या काळात चित्राचा खरेपणा कसा ठरवायचा?

रेघोटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. चित्रकला, कायदा, जुनी कागदपत्रं यांत काम करणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा विषय इथेच मांडतेय.

माझे वडील पुण्यात एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. जलरंगात नदीकाठ, वाडे, देवळं रंगवायचे. बालगंधर्व कलादालनात प्रदर्शनं झाली, काही चित्रं विकली गेली, त्याहून जास्त वाटली गेली. ते आता नाहीत. मध्यंतरी एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी ऑनलाइन एक चित्र घेतलं होतं, खाली बाबांची सही होती, आणि 'हे चित्र यांचंच आहे' असं त्यांना माझ्याकडून लेखी हवं होतं.

मी जाऊन बघितलं. ओंकारेश्वराचा घाट. करडा-निळा रंग बाबांचा, आभाळासाठी कोरा कागद सोडायची पद्धत बाबांची, सहीचा शेवटचा फराटासुद्धा त्यांचाच. पण मुठेत शिडाची होडी होती! बाबा जागेवर बसून रंगवणारे. समोर नाही ते कागदावर येणार नाही, हा त्यांचा हट्ट होता. मी लिहून द्यायला नकार दिला. त्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, "होडी नसती तर दिलं असतंत का?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, आणि ते टोचत राहिलंय. कलाकाराच्या घरच्यांनी, विद्यार्थ्यांनी अशा वेळी नेमकं काय बघायचं? आणि घरच्या माणसालाही चकवणारं चित्र एआयचं यंत्र काढत असेल, तर त्याला सर्जन म्हणायचं का? दोन्ही प्रश्न मला एकमेकांत गुंतलेले वाटतात.

कागदकाम

मी फ्रेमिंग आणि जुन्या कागदी चित्रांची दुरुस्ती करतो. पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो.

आधी भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. फ्रेमच्या दुकानातही मिळेल. इंकजेट प्रिंट असेल तर सपाट दिसणाऱ्या रंगात बारीक फवारलेले ठिपके दिसतात: निळे, गुलाबी, पिवळे, काळे. खऱ्या जलरंगात ठिपके नसतात. ओल्या रंगाचं पाणी कडेला सरकतं आणि सुकताना तिथे गडद रेघ सोडतं. अल्ट्रामरीनसारखा दाणेदार रंग कागदाच्या खळग्यांत बसतो, उंचवटे उघडे राहतात. प्रिंट मारताना शाईला कागदाच्या खळग्यांशी काही देणंघेणं नसतं. मग चित्र उजेडात तिरपं धरा. भरपूर पाणी वापरलेला कागद थोडा तरी लहरतो, ताणून बसवला असेल तर कडांना चिकटपट्टीच्या किंवा पिनांच्या खुणा राहतात. पेन्सिलीचं कच्चं रेखाटन आणि खोडरबरने उठलेले तंतूही शोधा.

जुनं म्हणून विकत असतील तर अतिनील दिवा वापरा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं १९५० च्या आसपास वापरात आली. कागद दिव्याखाली निळसर-पांढरा झळकला आणि चित्रावर १९३० साल असेल, तर तिथेच विषय संपला.

आमच्याकडे सर्वांत जास्त येतात ती रविवर्मा प्रेसची चित्रं. १८९४ साली मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्यामुळे आपल्या भागात घरोघरी 'पणजोबांच्या वेळची' लक्ष्मी-सरस्वती असते. दगडावरच्या छपाईत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, कारागिराने हाताने टिंबं भरलेली, त्यामुळे भिंगाखाली टिंबांचे आकार वेडेवाकडे, कमीजास्त दिसतात. आजच्या ऑफसेट प्रतीत ठिपके शिस्तीत, फुलासारख्या वर्तुळांत बसलेले असतात. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चहाच्या पाण्याने पिवळे केलेले ऑफसेट कागद जुन्या फ्रेममध्ये घालून विकताना मी स्वतः पाहिले आहेत.

ताई, त्या चित्राची पाठ पाहिलीत का?

रेघोटी

नाही. फ्रेम बंद होती आणि ते उघडू द्यायला तयार नव्हते. तुमचा प्रतिसाद वाचून पुन्हा विचारते.

न्यूरॉन

हिंजवडीत मशीन लर्निंगचं काम करतो.

ही मॉडेलं चित्र शिकतात ती अशी: खऱ्या चित्रावर थोडा थोडा गोंगाट चढवत ते पूर्ण मुंग्यामुंग्यांचं करायचं, आणि तो गोंगाट उलट दिशेने कसा उतरवायचा हे मॉडेलला शिकवायचं. कोट्यवधी चित्रं आणि त्यांची वर्णनं दाखवल्यावर मॉडेल निव्वळ गोंगाटातून नवं चित्र उभं करतं. 'घाट, नदी, जलरंग' या शब्दांबरोबर जगभरच्या चित्रांत होडी इतक्या वेळा येते की ती इथेही आली. मुठेला किती पाणी असतं हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही.

आता वाईट बातमी. एका माणसाची शैली शिकवायला फार चित्रं लागत नाहीत. वीस-तीस चांगले फोटो आणि एक बरं ग्राफिक कार्ड पुरतं. प्रदर्शनाचे फोटो फेसबुकवर असतील तर सगळा कच्चा माल तिथेच आहे. आणि होडी काढून टाकायला विक्रेत्याला एक वाक्य जास्तीचं लिहावं लागलं असतं, इतकंच. म्हणून त्या गृहस्थांचा प्रश्न मला अतिशय रास्त वाटतो. चुका शोधून खोटं पकडायची पद्धत फार दिवस टिकणार नाही. यंत्र हाताला सहा बोटं काढायचं, ती मोजून पकडायचे दिवस गेलेच.

मग 'यंत्राचं खोटं यंत्रानेच पकडू' असं कुणी म्हणेल. त्याचा एक नमुना सांगतो. 'द ब्रेसी टोंडो' नावाचं एक गोल चित्र आहे, राफाएल या जुन्या इटालियन चित्रकाराचं असल्याचा दावा आहे. २०२३ मध्ये ब्रॅडफर्ड आणि नॉटिंगहॅम विद्यापीठांच्या संशोधकांनी चेहरे ओळखणारी प्रणाली लावली आणि त्यातल्या मेरीचा चेहरा राफाएलच्या सिस्टीन मॅडोनाशी ९७ टक्के जुळतो असं सांगितलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या आर्ट रेकग्निशन या कंपनीच्या प्रणालीने सांगितलं की हे चित्र राफाएलचं नसण्याची शक्यता ८५ टक्के आहे. एकच चित्र, दोन्हीकडे आकडे ठसठशीत, आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध. कारण एक चेहऱ्याची ठेवण मोजतं, दुसरं कुंचल्याच्या फटकाऱ्यांची. चेहऱ्याची ठेवण तर शिष्यही उचलतो, नक्कल करणाराही.

शिवाय अशा प्रणालीला आधी 'ही चित्रं नक्की त्यांची' असा संच द्यावा लागतो. रेम्ब्रांटचा असतो. पुण्यातल्या ड्रॉइंग मास्तरांचा कुणी केलाय?

पिक्सेलपंत

मी जाहिरातींची आणि गणपतीच्या देखाव्यांची डिझाइनं करतो आणि गेली दोन-तीन वर्षं एआय वापरतो. धागाकर्तीच्या बाबतीत घडली ती सरळ फसवणूक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दुसऱ्या प्रश्नावर इथे एकाच बाजूने बोललं जाईल अशी शंका आहे, म्हणून लिहितोय.

साधन नवं आलं की 'ही कला नव्हे' असं म्हटलंच जातं. कॅमेऱ्याला म्हटलं गेलं, चित्रकार रघुवीर मुळगावकरांच्या एअरब्रशलाही (रंग फवारायच्या साधनालाही) 'हे कसलं चित्र' म्हणणारे होते. वर मळवलीचा उल्लेख आलाय. रविवर्म्याची चित्रं संस्थानिकांच्या भिंतींवरच राहिली असती, छापखान्याने ती चाळीत आणली. आज माझ्या मंडळाचा पोरगा, ज्याला कधी पेन्सिल धरता आली नाही, डोक्यातला देखावा रात्रीत कागदावर आणतो. पन्नास चित्रांतून एक निवडणं, त्यात बदल सांगणं, नको ते फेकणं, यात माझी नजर नाही का? २०१८ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात यंत्राने काढलेलं 'एडमंड द बेलामी' ४,३२,५०० डॉलरला गेलं. घेणाऱ्याला यंत्राने काढलंय हे माहीत होतं, लपवलेलं काही नव्हतं. लपवाछपवी नसेल तर हरकत कशाला?

मुखपृष्ठ

पिक्सेलपंत, तुम्ही मनापासून लिहिलंय, मीही मनापासूनच सांगते.

दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि आतली रेखाचित्रं हे माझं पोट आहे. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून या अंकांनी चित्रकार पोसले. चित्रकार दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ बघून अंक घेणारी माणसं माझ्या घरात होती. यंदा एका अंकाच्या संपादकांनी मला मुखपृष्ठ मागितलं नाही. त्यांनी यंत्राचं चित्र पाठवलं आणि 'फक्त पणती धरलेला हात नीट करून द्या' म्हणाले, नेहमीच्या मानधनाच्या चौथ्या हिश्शात. अंकात 'मुखपृष्ठ' म्हणून माझं नाव घालणार होते. मी नाही म्हटलं. पैशांपेक्षा त्या नावामुळे. त्या चित्रातल्या बाईने नऊवारी अशी का नेसली आहे, तिच्या मागे राजस्थानी झरोका का आहे, हे मला कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि संपादकांकडेही नव्हतं.

मुळगावकरांचा एअरब्रश त्यांच्या हातात होता. गालावरची एक छटा कुठे थांबवायची हे तेच ठरवत होते, चुकली तर त्यांचीच चुकत होती. कॅमेऱ्याचंही तसंच, फोटोग्राफर त्या जागी उभा असतो. तुम्ही पन्नासातून एक निवडता, ती तुमची नजर, मान्य. पण त्या एकात तुम्ही न ठरवलेल्या हजार गोष्टी असतात. होडी हेच त्याचं उदाहरण. रेघोटीच्या बाबांनी होडी काढली असती तर 'सर, मुठेत होडी कुठून?' असं त्यांना कुणीही विद्यार्थी विचारू शकला असता, आणि त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. या होडीबद्दल कुणाला विचारायचं?

मला सर्जन म्हणजे हेच वाटतं. ही रेघ इथे का, याचा जाब ज्याला देता येतो, त्याचं ते चित्र.

पिक्सेलपंत

मग दिग्दर्शकाचं काय? प्रत्येक फ्रेममधली प्रत्येक वस्तू तो कुठे ठरवतो?

मुखपृष्ठ

तो नसेल तर कलादिग्दर्शक ठरवतो, वेशभूषाकार ठरवतो, आणि त्यांची नावं पडद्यावर येतात. जाब द्यायला माणूस असतोच. यंत्र ज्यांच्या चित्रांवर शिकलं, त्या हजारो चित्रकारांची नावं कुठल्या पडद्यावर येतात?

पिक्सेलपंत

या शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाकी मतभेद कायम.

मोडीवाचक

मुखपृष्ठ यांनी 'जाब' म्हटलं तिथून पुढे जातो.

पुण्याला खऱ्या-खोट्याची पारख नवी नाही. पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ याच गावात आहेत. बनावट सनदा, खोटी वतनपत्रं शेकड्यांनी सापडतात, कारण वतनात पैसा होता. त्यांची तपासणी कशी होते? कागद, शाई, वळण हे आहेच. पण खोटं पकडलं जातं ते बहुतेकदा संदर्भात. पत्रात सुहूर सन (तेव्हाच्या कागदांतली कालगणना) एक आणि तिथी दुसऱ्याच वर्षाची. ज्या कारभाऱ्याचा शिक्का, तो त्या साली त्या हुद्द्यावर नव्हताच. मायना त्या काळचा नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रावर वर मुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब असतं. मोर्तबाचं कारण हेच की त्याच्या खाली कुणी मागाहून ओळ घुसडू नये.

वतनाचा तंटा लागला की गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची न्यायसभा, बसायची आणि महजर, म्हणजे साक्षींसह लिहिलेला निवाडा, व्हायचा. आजूबाजूच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार येऊन सांगायचे की आम्हांला हे असं माहीत आहे. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते आपली निशाणी करायचे, पाटलाचा नांगर, बलुतेदाराचं आपापलं हत्यार. कागदाला वजन यायचं ते त्याखाली उभ्या राहिलेल्या माणसांमुळे.

आपल्या वाङ्मयात तर हा प्रश्न जुनाच आहे. 'तुका म्हणे' ही सहीच आहे, आणि ती कुणालाही घालता येते. तशी घातलेले अभंग गाथेच्या अभ्यासकांना आजही निवडावे लागतात. ज्ञानेश्वरीत लोकांनी इतक्या ओव्या घुसडल्या होत्या की शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांना प्रती जमवून पाठशुद्धी करावी लागली. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १२०० हून जास्त पोथ्या वापरल्या. १९१९ मध्ये सुरू झालेलं काम १९६६ मध्ये पुरं झालं. तिचे संपादक सुकथनकर यांच्या पद्धतीचं मर्म असं की एकमेकांपासून दूर, एकमेकांना न बघता उतरवलेल्या पोथ्या जिथे जुळतात तो पाठ विश्वासाचा. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि दक्षिणेतली पोथी एकच वाचन देत असतील, तर ते मागाहून कुणी घुसडलं असण्याची शक्यता फार कमी.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे. चित्राकडे कितीही बघितलंत तरी एकट्या चित्रातून निकाल लागणार नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या साक्षी गोळा करा.

न्यूरॉन

पूर्ण सहमत, फक्त एक धोका सांगतो. साक्षही बनवता येते.

वोल्फगांग बेल्ट्राची या जर्मन नकलाकाराने चित्रांबरोबर इतिहासही रंगवला. बायकोला तिच्या आजीसारखे कपडे घालून, मागे भिंतीवर खोटी चित्रं लावून जुन्या कागदावर फोटो काढले, म्हणजे चित्रं युद्धाआधीपासून घरात होती असं दिसावं. कांपेनडोंक या चित्रकाराच्या नावावरचं १९१४ चं म्हणवलेलं चित्र २००६ मध्ये सुमारे २९ लाख युरोंना विकलं गेलं. पकडला गेला तो टिटॅनियम व्हाइटमुळे. तो पांढरा रंग १९१४ मध्ये बाजारात नव्हता. २०११ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. इंग्लंडमध्ये जॉन ड्रूने तर त्याहून पुढची पायरी गाठली. जॉन मायॅटकडून चित्रं काढून घेतली आणि लंडनच्या टेटसारख्या कलासंग्रहालयांच्या दफ्तरांत स्वतःच खोटे कागद नेऊन ठेवले. पुढे कुणी तपासायला गेलं की दफ्तरातच पुरावा सापडायचा! १९९९ मध्ये त्यालाही शिक्षा झाली.

बेल्ट्राचीला आजीचे कपडे शोधावे लागले. आज तसा फोटो एका मिनिटात तयार होतो.

मोडीवाचक

म्हणूनच 'एकमेकांशी संबंध नसलेल्या' हे शब्द महत्त्वाचे. बेल्ट्राचीचा फोटो त्याच्याच घरातून आला होता. ड्रूचे कागद आणि चित्रं एकाच हातातून येत होती. विकणारा आणि साक्षीदार एकच असेल तर ती साक्ष धरायची नाही. आणि दफ्तरखान्यात कागद कुणी, कधी आणून दिला याची नोंद कागदाइतकीच जपायची.

सिंहगडरस्ता

सगळं वाचतोय, उत्तम चर्चा. पण जमिनीवरचा प्रश्न विचारतो. हुसेनचं 'ग्रामयात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला साधारण ११८ कोटींना गेलं. तिथे प्रयोगशाळा, तज्ज्ञ, वकील सगळं परवडतं. तरीसुद्धा २००९ मध्ये दिल्लीत चित्रकार रझा स्वतःच्याच प्रदर्शनाला आले आणि भिंतीवरची बरीचशी चित्रं आपली नाहीत असं त्यांना सांगावं लागलं. २०११ मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांच्या नावाने मांडलेली २० चित्रं खोटी निघाली. तिथे ही अवस्था, तर पाच-दहा हजारांच्या जलरंगासाठी महजर कोण घालणार? माझ्या भिंतीवर चित्र आहे, ते मला आवडतं, सकाळी चहा घेताना बरं वाटतं. ते कुणी काढलं याने त्या आनंदात काय फरक पडतो?

रेघोटी

तुम्हांला पडत नसेल, आणि तो तुमचा हक्क आहे. ज्यांनी मला फोन केला त्यांना मात्र पडत होता, नाहीतर त्यांनी लेखी मागितलंच नसतं. त्यांना चित्राइतकाच तो माणूस हवा होता, जो त्या घाटावर बसला होता.

आणि मलाही पडतो. बाबा सकाळी साडेसहाला निघायचे कारण घाटावरची सावली नऊनंतर सरते. पूल बांधला गेला, वाडा पाडला गेला, की ते त्याच जागी पुन्हा जाऊन बसायचे. ही चित्रं सुंदर आहेत की नाहीत हे इतरांनी ठरवावं, पण त्या त्या वर्षीचं पुणं कसं होतं याची ती नोंद आहे. त्यांच्या नावावर होडीवालं चित्र फिरलं तर पन्नास वर्षांनी कुणीतरी लिहील की मुठेत शिडाच्या होड्या चालत. पाच हजारांचं चित्र म्हणून ही नोंद स्वस्त ठरत नाही.

कलम५७

वकिली करते, कॉपीराइटची कामं बघते. थोडक्यात कायदा.

शैलीवर कॉपीराइट नसतो. 'अमुकांच्या शैलीत' म्हणून चित्र विकलं तर एवढ्यावरून अडवता येत नाही. सही केली की गोष्ट बदलते. ती खोट्या नावावर केलेली विक्री आहे आणि भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ तिथे लागू शकतं. तक्रार करायचा पहिला हक्क चित्र घेणाऱ्या गृहस्थांचा आहे, कारण पैसे त्यांचे गेले. त्यांनी विक्रीचं पान, बिल, विक्रेत्याशी झालेले संदेश आत्ताच जपून ठेवावेत, पान काढून टाकायला विक्रेत्याला वेळ लागत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे.

तुमच्या बाबांच्या मूळ चित्रांवरचा कॉपीराइट त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. चित्र विकलं म्हणून कॉपीराइट आपोआप विकला जात नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये कलाकाराला आपलं नाव लागण्याचा आणि कलाकृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वारसांनाही नावाचा हक्क मागता येतो.

यंत्राच्या चित्राचा कर्ता कोण, यावर आपल्या १९५७ च्या कायद्यात १९९४ पासून एक ओळ आहे: संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवणारी व्यक्ती. ती लिहिली तेव्हा आजची यंत्रं कुणाच्या स्वप्नातही नव्हती. २०२० मध्ये 'सूर्यास्त' नावाच्या चित्रासाठी 'राघव' या प्रणालीचं नाव सहकर्ता म्हणून भारतात नोंदवलं गेलं आणि पुढच्याच वर्षी कॉपीराइट कार्यालयाने ती नोंद मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेने त्याच चित्राला २०२३ मध्ये नोंदणी नाकारली.

शनवारकर

नावाचा विषय निघालाय तर पुण्यातलीच एक गोष्ट. १७९० नंतर जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची व्यक्तिचित्रं त्याने केली. पेशवे दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथला सर्वांत गुणी चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट. त्याने वेरूळला जाऊन लेणी रेखाटली. वेल्स वारल्यावर १८०३ मध्ये थॉमस डॅनियलने वेरूळची चित्रं कोरून प्रसिद्ध केली ती वेल्सच्या नावाने. तांबटाची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत, आणि त्याचं नाव आपल्याला कळलं ते मॅलेटच्या संग्रहातले कागद एकत्र राहिले म्हणून. शनिवारवाड्याच्या दारात उभं राहून दहा पुणेकरांना विचारा, तांबट कुणाला माहीत आहे?

कागदकाम

शनवारकर, फार चांगली आठवण.

सिंहगडरस्ता यांच्या 'कोण करणार' ला माझ्या धंद्यातलं उत्तर देतो. जिवंत चित्रकाराला यात खर्च जवळपास नाही. चित्र पूर्ण झालं की पाठीमागे कडेला मऊ पेन्सिलीने नाव, जागा, तारीख, कागद कुठला हे लिहायचं. बॉलपेन आणि मार्कर नको, शाई पुढे झिरपते. समोरून एक फोटो, तिरप्या उजेडात एक, पाठीचा एक. कच्ची रेखाटनं फेकायची नाहीत, कारण यंत्राच्या चित्राला कच्चं रेखाटन नसतं, आणि मागाहून बनवलं तर ते पक्क्यासारखंच नीटनेटकं होतं.

गेलेल्या चित्रकाराच्या घरी असाल तर रंगाच्या दुकानाची बिलं, प्रदर्शनाची निमंत्रणं, अभिप्रायवही, जुन्या फ्रेमवाल्याचं मागे चिकटवलेलं लेबल हे सगळं जपा. आमच्यासारख्याचं लेबल चित्राच्या विक्रीत भागीदार नसतं, म्हणून ते कामाचं. सही नसलेली चित्रंही सोडू नका. बाजारात विकायचं नव्हतं म्हणून सही नाही, अशी बरीच असतात, आणि हाताची खरी ओळख तिथे पटते.

रेघोटी

अभिप्रायवह्या आहेत! आणि बाबांचे दोन जुने विद्यार्थी त्यांच्याबरोबर रंगवायला बसायचे, त्यांची त्याच जागेची, त्याच दिवसाची चित्रं त्यांच्याकडे असणार. मोडीवाचकांनी म्हटलेली दूरची पोथी ती हीच ना?

एकच भीती आहे. सगळ्या चित्रांचे चांगले फोटो काढून यादी प्रसिद्ध केली, तर न्यूरॉन म्हणतात तो कच्चा माल मीच पुरवल्यासारखं होईल.

न्यूरॉन

होईल, म्हणून सगळं उघडं ठेवू नका. समोरच्या बाजूचा लहान आकाराचा फोटो यादीत द्या, हजार पिक्सेलच्या आत. मोठे फोटो, तिरप्या उजेडातले तपशील आणि विशेषतः पाठीचे फोटो प्रसिद्ध करू नका. जे कधी इंटरनेटवर आलंच नाही ते मॉडेल शिकू शकत नाही. फोटोत सहीसारखी माहिती गुंफायची 'कंटेंट क्रेडेन्शियल्स' नावाची पद्धत आहे, ती वापरा, पण तिच्यावर विसंबू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो फिरला की त्यातली माहिती गळून जाते.

मोडीवाचक

पाठीचे फोटो लपवा, पण एकाच घरात नको. वाडा पडला, घर विकलं, पुढच्या पिढीने रद्दीत घातलं, यात आपली कितीतरी दफ्तरं गेली. एक प्रत तुमच्याकडे, एक विद्यार्थ्याकडे, आणि प्रत्येक प्रतीवर कुणी कधी दिली त्याची नोंद. विद्यार्थ्यांच्या, शेजाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या सहीने घ्या. ती माणसं आहेत तोवर घ्या.

मुखपृष्ठ

टायपिंगला आणि फोटो काढायला मी येते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

रेघोटी

धन्यवाद, व्यनि मिळाला. विद्यार्थ्यांशी बोलणं झालं, दोघंही तयार आहेत.

त्या गृहस्थांनाही पुन्हा फोन केला. फ्रेम कागदकाम यांच्याकडे उघडायला ते कबूल झाले, भिंगाखाली काय दिसतं ते इथे लिहीन. कलम५७ यांनी सांगितल्याप्रमाणे बिल आणि संदेश त्यांनी जपून ठेवलेत, तक्रार करायची की नाही हे ते ठरवतील. मी त्यांना एक विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली: ते चित्रही यादीत घ्यायचं, वेगळ्या भागात, 'यांचं नाही' अशा शेऱ्यासह, कुठून आलं आणि कशावरून नाही हे लिहून. यापुढे अशी जी जी सापडतील ती तिथेच नोंदवू. कुणाच्या बघण्यात बाबांच्या नावाचं चित्र आलं, खरं वाटो की खोटं, तर मला कळवा. मी मागणार नाही, किंमत सांगणार नाही, फक्त फोटो आणि ते तुमच्याकडे कसं आलं एवढं लिहून घेईन.